झेंडूखालची काचपट्टी

मी काचेची पट्टी बोलतेय. मोठ्यानं बोलायचीही भीती वाटते हो, जरा जवळ या.

भद्रकालीत खिडक्यांच्या काचा कापतात, तिथल्या उरल्यासुरल्या तुकड्यातून माझा जन्म. वाटलं होतं, लागेन एखाद्या देवाच्या तसबिरीला. कसलं काय! पूजा नावाच्या इंजिनिअर बाईंनी मला द्वारका चौकाजवळच्या एका चार मजली इमारतीत नेलं आणि तळमजल्याच्या खांबावर, भेगेवर आडवी चिकटवली. एक टोक भेगेच्या अलीकडे, एक पलीकडे.

भेग पडली महेशमुळे. त्याच्या इथल्याच दुकानात नवं काउंटर बसेना, म्हणून या पठ्ठ्यानं खांबच तासला! सगळ्या मजल्यांचं वजन पेलणारा खांब, आणि हा म्हणतो, "थोडासाच छिलला, मॅडम."

खांबाला लोखंडी टेकू लावायचे ठरले, पण ते लावणारी माणसं दसऱ्याला गावी गेलेली. ती परत येईपर्यंत राखण माझ्याकडे.

"काच ताणली जात नाही," पूजाताईंनी सगळ्यांना बजावलं. "भेग केसभर वाढली तरी ही मधोमध तडकेल. तडकली की सामान गोळा करत बसू नका. सगळे बाहेर पडा."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मनावर घेतलं एकट्या शकुबाईनं. ती फुलं विकते, तिसऱ्या मजल्यावर राहते. येता-जाता माझ्यापाशी थांबायची. "हायेस ना गं बाई धड?" विचारायची. बाकी कुणी मला विचारत नाही, म्हणून माझा सगळा जीव तिच्यावर.

आज दसरा. सकाळी तिनं खांबाला हळद-कुंकू वाहिलं. "आमचा सगळ्यांचा भार तुझ्यावर हाय रे बाबा," म्हणत झेंडूची जाडजूड माळ बांधली. ती नेमकी माझ्या मध्यावर आली! माझं एक टोक तेवढं बाहेर राहिलं. अगं, तिथं नको, तिथं नको, मी ओरडले. पण काचेचं ऐकतंय कोण?

दुपारी रस्त्यावर ढोल वाजत होते, तेव्हा मी तडकले. कट्ट! ढोलांच्या दणक्यात कुणालाच ऐकू गेलं नाही. तेव्हापासून मला भयंकर भीती वाटतेय. खांब आतून करकरतोय. माझे दोन तुकडे एकमेकांपासून सरकताहेत, आणि वर फुलंच फुलं.

आत्ताच शकुबाई आली. वाकून तिनं माझं बाहेरचं टोक पाहिलं, त्यावरून बोट फिरवलं. "धड हाय बाई," म्हणाली आणि सुटकेचा निःश्वास टाकून हसली. मग रस्त्याकडेला खेळणाऱ्या नातवंडांना तिनं हाक मारली, "चला रे, वर चला सगळी! पानं वाढलीत."

पोरं जिना चढताहेत. त्यांची पावलं खांबाला कळताहेत, मलाही कळताहेत. माळ सरकवा हो! कुणीतरी ती माळ सरकवा.