टोबिन नोस्केचा खुबा

केल्सी पार्क क्लबच्या बैठकीच्या खोलीत भिंतभर पांढरी पाटी होती आणि तिच्यावर साठ पोरांच्या नावांच्या चुंबकी पट्ट्या चिकटवल्या होत्या. वरच्या पट्टीतल्या पोराला कोट शिवायला हरकत नव्हती, खालच्यानं आपलं शेत धरावं. ही पट्टी वर की खाली एवढंच ठरवायला खोलीत चार माणसं सकाळपासून बसली होती, आणि त्यातल्या तिघांनी त्या पोरांपैकी एकालाही चिखलात खेळताना पाहिलं नव्हतं.

चौथा डेस हॅनफर्ड. वय चौसष्ट. सव्वीस वर्षं हा माणूस थंडीपावसात गावोगावच्या मैदानांच्या कडेला थर्मास घेऊन बसला आणि कुठलं पोरगं उद्या मोठ्या क्लबाकडून खेळेल ते हेरत राहिला. गुडघे त्यात गेले. करार या महिन्याअखेर संपत होता, आणि तो पुढे वाढणार नाही हे चहावाल्या बाईलाही माहीत होतं. त्याचं डेसला फारसं काही वाटत नव्हतं. जाता जाता त्याला एकच पोरगं या क्लबात आणून सोडायचं होतं.

ड्राफ्ट परवावर आला होता. फुटबॉलचे अठरा क्लब आळीपाळीनं देशभरातली अठरा वर्षांची पोरं उचलणार, आणि ज्याला कुणीच उचललं नाही तो घरी जाऊन गहू कापणार. केल्सी पार्कनं आपला आधीचा नंबर एका उतारवयाला लागलेल्या बचावपटूपायी घालवला होता. त्यामुळे त्यांची पहिली पाळी एकोणिसावी.

डेसचं पोरगं टोबिन नोस्के, मॅली या गव्हाच्या मुलखातल्या कुराबी गावचं. गाव म्हणजे धान्याची तीन कोठारं, एक पब आणि एक मैदान. चेंडू हवेत असला की बाकीची पोरं वर बघत धावतात. हा चेंडू जिथं पडणार तिथं आधीच जाऊन उभा असायचा. आणि गोलाची लाथ? दारात चप्पल काढावी तितकी सहज, डाव्या पायानं, गोलाच्या चार खांबांपैकी मधल्या दोघांच्या बरोबर मधून. या मोसमात एकसष्ट गोल. पहिल्यांदा त्याला पाहिलं तेव्हा डेसच्या हातातला मीट-पाय, म्हणजे खिमा भरलेली गरम कचोरी, गार झाला होता आणि त्याला ते संध्याकाळी आठवलं.

"एकोणिसाव्याला नोस्के," डेस म्हणाला. "यात बोलायचं काय आहे?"

पोरांची निवड सांभाळणारा ग्रँट पॅस्को टेबलाच्या डोक्याशी बसला होता. वय एकोणचाळीस, दात पांढरेशुभ्र. त्यानं आकडेवाल्या लॉकीकडे पाहिलं. लॉकीनं आपल्या पडद्याकडे पाहिलं. डॉक्टर ओकलीबाईंनी पेनाचं टोपण लावलं.

"डेस, आम्हालाही पोरगं आवडतं रे," पॅस्को म्हणाला. "पण त्याच्या खुब्याचं काय?"

डेसचा चहा उलटा नाकात गेला.

त्याचं कारण असं. ऑगस्टमध्ये बेंडिगोच्या मैदानावर मीट-पायच्या रांगेत डेसच्या पुढे बर्नी ट्रेगार उभा होता. बर्नी डनबार क्लबसाठी पोरं हेरणारा, वीस वर्षांचा दोस्त आणि तितकाच जुना शत्रू. डनबारचा नंबर चौदावा. त्या दिवशी टोबिननं सात गोल मारले होते आणि बर्नीच्या डोळ्यांत लहान पोरासारखी चमक आली होती. डेसनं मनातल्या मनात आकडे मोजले. चौदाव्याला हे गेलं तर एकोणिसाव्याला आपण काय करणार?

तेव्हा डेसनं या धंद्यात सगळेच करतात ते केलं. उघड खोटं कुणी खरं मानत नाही, अर्धं वाक्य मात्र सगळे गिळतात. त्यानं मीट-पायवर सॉस ओतला, एक सुस्कारा सोडला आणि म्हणाला, "पोरगं सोनं आहे रे बर्नी. पण तो डावा खुबा..." आणि गप्प झाला. वाक्य पूर्ण करायचं काम बर्नीनं केलं. बर्नीच्या डोळ्यांतली चमक विझली तेव्हा डेस स्वतःवर इतका खूश झाला की त्यानं दुसरा मीट-पाय घेतला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण त्या दिवशी सॉस चविष्ट लागला होता.

"कुठला खुबा?" डेसनं नाक पुसत विचारलं.

"दोन्ही," लॉकी म्हणाला. "चार वेगवेगळ्या ठिकाणांहून माहिती आलीय. पर्थहून, ॲडलेडहून, डनबारच्या एका माणसाकडून, आणि एक तर थेट टीव्हीवाल्यांकडून. चौघांचा एकमेकांशी संबंध नाही. मी तपासलंय."

"डावा होता," डेसच्या तोंडून निघून गेलं.

"म्हणजे तुलाही माहीत होतं?" पॅस्को पुढे झुकला.

"आनुवंशिक आहे म्हणतात," लॉकी पुढे वाचत गेला. "आजोबांचे खुबे बदललेत."

"एक! एक बदललाय! म्हातारा अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी कापणीच्या यंत्रावरून पडला! त्या यंत्रावरून तू पडलास तर तुझं डोकं बदलावं लागेल!"

"म्हणजे आजोबांचं खरं आहे," लॉकी म्हणाला आणि पडद्यावर कसलीशी खूण केली. तिथला पिवळा चौकोन तांबडा झाला.

डेसनं डॉक्टरीणबाईंकडे मोर्चा वळवला. त्यांच्यावर त्याचा विश्वास होता. मागच्या हिवाळ्यात त्याचे गुडघे त्यांनीच फुकट तपासले होते.

"बाई, तुमच्याकडे त्याचे स्कॅन आहेत ना? काय दिसतंय?"

"काहीच नाही," ओकलीबाई म्हणाल्या. "एकदम स्वच्छ."

"मग?"

"तेच मला खटकतंय. एवढा बोलबाला आणि स्कॅनमध्ये काहीच नाही? म्हणजे जे काही आहे ते खोल आहे."

माणूस आजारी नाही हे सिद्ध करायला त्याला आधी आजारी पाडावं लागेल, अशी ही वैद्यकी. डेसनं तिघांच्या तोंडांकडे पाहिलं. त्यांच्यात लबाड कुणी नव्हतं, आणि त्याचाच त्याला राग आला. लबाड माणसाला गाठता येतं, प्रामाणिक माणसाला कुठून धरणार?

पॅस्कोनं हडसन लीचची पट्टी बोटानं वर सरकवली. लीच शहरातल्या महागड्या शाळेचा. वीस मीटर पळण्यात देशात तिसरा, नेतृत्वगुणांच्या परीक्षेत पहिला. यंदा गोल अकरा.

"लीचला गोल मारता येत नाही," डेस म्हणाला.

"ते शिकवता येतं."

"सहा वर्षं शिकवतायत."

"म्हणजे शिकण्याची तयारी आहे," पॅस्को म्हणाला आणि हसला. "हे बघ, पाचामुखी परमेश्वर. चार ठिकाणांहून आलंय, पाचवा तू. तूच आत्ता डावा म्हणालास."

आता मार्ग एकच उरला होता. तो पत्करला तर डेसची सव्वीस वर्षांची पत मातीत जाणार होती. क्लबच्या आचारसंहितेवर त्यानं स्वतः सही केली होती. खेळाडूच्या तब्येतीबद्दल खोटं पसरवणं हे तिच्यातलं तिसरं कलम. त्याला आठवलं, सप्टेंबरमध्ये नोस्केंच्या स्वयंपाकघरात बसून त्यानं टोबिनच्या आईनं केलेला केक खाल्ला होता. टोबिननं विचारलं होतं, "मिस्टर हॅनफर्ड, मी खरंच तेवढा चांगला आहे? की तुम्ही नुसतं म्हणताय?" आणि डेसनं छाती फुगवून सांगितलं होतं, "पोरा, माझं सोड. अठरा क्लबांचे डोळे तुझ्यावर आहेत. मी एकटा चुकेन, अठराच्या अठरा चुकत नाहीत."

डेस उभा राहिला. गुडघे कटकटले.

"तो खुबा मी बनवलाय," तो म्हणाला. "बेंडिगोला, मीट-पायच्या रांगेत. बर्नी ट्रेगारला सांगितलं. चौदाव्याला त्यानं पोरगं पळवू नये म्हणून. खुब्याला काही झालेलं नाही. तुमच्या चारही बातम्या माझ्याच तोंडून निघाल्यात. गाव फिरून घरी आल्यात, एवढंच."

डेसला वाटलं, सुटलो. नोकरी गेली, पण पोरगं सुटलं.

पॅस्कोनं खुर्ची मागे सरकवली. "डेस, तू त्या पोरासाठी किती जीव टाकतोस ते मला दिसतंय. खरंच गलबलून येतं. पण त्याला वाचवायला स्वतःवर असलं काही ओढवून घेऊ नकोस."

"अरे, खरं सांगतोय मी!"

"खरं सांगत असशील तर तिसरं कलम लागतं," पॅस्को मऊ आवाजात म्हणाला. "ते मी नजरेआड करू शकत नाही. तू आजच काम थांबवावंस हे बरं."

"ठीक आहे. थांबतो. खोटं बोललो म्हणून काढताय ना मला? मग ते खोटं होतं हे तरी मान्य करा! पट्टी वर लावा!"

पॅस्कोनं लॉकीकडे पाहिलं. लॉकी म्हणाला, "डेसची बातमी धरली नाही तरी चार राहतातच. आणि एवढ्या अनुभवी माणसानं बाकी सगळं सोडून खुबाच का निवडला? काहीतरी दिसलं असणारच त्याला. नकळत का होईना."

ओकलीबाईंनी मान डोलावली. पॅस्को उठला, टोबिन नोस्केची पट्टी पाटीवरून काढली आणि अगदी खाली, विजेच्या बटणाशेजारी चिकटवली. मग त्यानं डेसला मिठी मारली. ती मिठी डेसला कुठल्याही शिवीपेक्षा जास्त झोंबली.

ड्राफ्ट डेसनं घरी दिवाणखान्यात पाहिला. बायको विणत बसली होती. चौदाव्याला डनबारनं दुसरंच पोरगं उचललं. एकोणिसाव्याला पॅस्को व्यासपीठावर चढला आणि हडसन लीचचं नाव घेतलं. पंचविसावं गेलं, चाळिसावं गेलं, साठावं गेलं. कुराबीच्या सार्वजनिक हॉलमध्ये सगळं गाव पडद्यासमोर बसलंय, बायकांनी सँडविच केलीत, हे डेसला ठाऊक होतं. आमंत्रण त्यालाही होतं. टीव्हीवाल्यांनी तो हॉल एकदाही दाखवला नाही.

संपल्या संपल्या फोन वाजला. बर्नी होता.

"डेस, लेका, तुझे उपकार कसे फेडू? आम्ही चौदाव्याला नोस्केवर झडप घालणार होतो. ऑगस्टमध्ये तू बोलला नसतास तर गेलो असतो खड्ड्यात."

"बर्नी, मी थाप मारली होती."

बर्नी खो खो हसला. "आता कशाला झाकतोस? तुझ्याच क्लबनं नाही घेतला त्याला! ज्यानं घरात जाऊन केक खाल्ला त्यानंच सोडला म्हटल्यावर बाकीचे कोण हात लावणार? आमचा साहेब तेच म्हणाला."

डेसनं फोन ठेवला. बायकोनं विचारलं, "काय म्हणाला?" डेस म्हणाला, "आभार मानत होता." आणि मग त्या म्हाताऱ्याला रडू आलं.

सकाळी त्यानं गाडी काढली. डिकीत एक नवा चेंडू टाकला. कुराबीला पोचायला पाच तास लागले. टोबिन वाडीजवळच्या शेतात गव्हाच्या कापणीवर होता. गाडी पाहून त्यानं यंत्र थांबवलं आणि शिडी उतरला. डेसचं लक्ष त्याच्या पायांकडेच होतं. पोरगं प्रत्येक पायरीवर आधी उजवा पाय टेकत होतं.

डेसनं सगळं सांगितलं. मीट-पायची रांग, सुस्कारा, अर्धं वाक्य, पाटी, तिसरं कलम. काही राखलं नाही. "शिव्या दे, हाण मला," तो म्हणाला, "पण तुझ्या खुब्याला काहीही झालेलं नाही, हे लक्षात ठेव."

टोबिननं टोपी काढून घाम पुसला. चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर डेसला बरं वाटलं असतं.

"मिस्टर हॅनफर्ड, तुम्ही फार भले आहात," तो म्हणाला. "पाच तास गाडी चालवून आलात मला बरं वाटावं म्हणून. आईला सांगतो, जेवूनच जा."

"बरं वाटावं म्हणून नाही रे! खरं आहे ते!"

"महिनाभर सगळे फोन करून खुब्याचंच विचारत होते. बसताना दुखतो का, झोपताना दुखतो का. आधी काहीच नव्हतं. मग लक्ष द्यायला लागलो तर कळलं, दुखतोय." त्यानं डाव्या खुब्यावर हात ठेवला. "तुम्हीच म्हणाला होतात ना? एकटा माणूस चुकेल. अठराच्या अठरा चुकत नाहीत."

डेस डिकीकडे गेला, चेंडू काढला आणि टोबिनच्या हातात दिला. समोर शंभर पावलांवर पाण्याच्या टाकीचे दोन खांब होते. लहानपणापासून पोरगं त्यांच्याच मधून चेंडू मारत आलं होतं.

"एकदाच मार," डेस म्हणाला. "माझ्यासाठी."

टोबिननं चेंडू हातात फिरवला, खांबांकडे एकदा पाहिलं आणि पावलं बदलली.

"डाव्यानं नको," तो म्हणाला. "जपायला हवं आता."

त्यानं उजव्या पायानं लाथ मारली. चेंडू वेडावाकडा उडाला, कुंपणाला लागला आणि न कापलेल्या गव्हात जाऊन पडला. टोबिन तो आणायला निघाला, डावा पाय किंचित ओढत.