रविवारच्या खणातली चमकी

टक्.

घर अगदी शांत होतं. बारकी नाटकाला निघून बराच वेळ झाला होता, लेक ठकू आत झोपलीय अशी माझी समजूत होती, आणि मी ओट्याला टेकून गार झालेला चहा संपवत होते. त्या शांततेत आतून तो आवाज आला. प्लास्टिकचं छोटं झाकण बसल्याचा.

तो आवाज मी झोपेतही ओळखीन. सासूबाईंची गोळ्या ठेवायची जुनी डबी आहे ती. सोमवार ते रविवार सात खण, प्रत्येकाला आपापलं झाकण. त्यांनी मोठी डबी घेतली तेव्हा ही मी मागून घेतली आणि तिची माझी मेकअपची पेटी केली. फुटलेल्या आयशॅडोंचा चुरा करायचा, दोन थेंब स्पिरिट घालायचं, बाटलीच्या बुचाने दाबून बसवायचं. सोमवारात काळा, मंगळवारात तपकिरी, असं करत रविवारात चंदेरी चमकी. ठकूला अजून वाचता येत नाही, पण वार मात्र तिला रंगांनी पाठ आहेत.

आत गेले तर बाईसाहेब पलंगावर मांडी घालून बसलेल्या. मांडीवर डबी, हातात शाळेच्या हस्तकलेची नळी.

"ठकू, काय चाललंय?"

"भरतेय." तिने मान वर केली नाही. "आत्याला लावलीस ना, मग कमी झाली."

"अगं, ती कागदावर चिकटवायची चमकी आहे. ही वेगळी."

"चमकीच आहे," ती म्हणाली. मग हळूच, मोठं गुपित सांगितल्यासारखी हसली. "परवा पण मीच भरली होती. सांडली होती ना माझ्याकडून सगळी. तुला कळलंसुद्धा नाही!"

मी रविवारचं झाकण उघडलं. चिमूटभर चमकी दोन बोटांत घेऊन चोळली. डोळ्यांची चमकी पिठासारखी मऊ लागते. ही बारीक वाळूसारखी करकरली.

सकाळीही करकरली होती. ते मला तेव्हा कुठे आठवलं. सकाळी बोटाला काहीतरी खरखरीत लागलं होतं, आणि पावडरीची गुठळी असेल म्हणून मी तशीच पुढे गेले होते.

बारकी ही माझी धाकटी नणंद. कचेरीत हिशेब बघते, स्वतःच्या पैशांनी भावाला शर्ट घेते, तरी घरात बारकीच. त्यांच्या कचेरीच्या नाटकात ती चेटकीण झाली होती आणि आज दुपारी स्पर्धेचा प्रयोग होता. सकाळी खिडकीजवळच्या खुर्चीत बसून तिने मला फर्मान सोडलं होतं.

"वहिनी, शेवटच्या रांगेतल्या माणसाला माझे डोळे दिसले पाहिजेत. टरकला पाहिजे तो."

"मग मेकअप कशाला हवा? सकाळी तू नुसती उठून आलीस तरी तुझा भाऊ टरकतो."

"नीट बोल हं. नणंद आहे मी. छळीन."

"छळ. आधी डोळे मीट."

किती मन लावून केलं होतं मी ते! डोळ्यांखाली साध्या पावडरीचा जाड थर दिला, म्हणजे वरून गळलेला काळा रंग गालाला न चिकटता ब्रशने झटकून टाकता येतो. डोळ्याच्या कोपऱ्यापासून भुवईच्या टोकाकडे तिरकी चिकटपट्टी लावली, तीही आधी माझ्या हातावर दोनदा चिकटवून, गोंद कमी करून. पापणीवरच्या खोबणीत तपकिरी, बाहेरच्या कोपऱ्यात काळा, आणि कापसाच्या काडीने दोन्ही एकमेकांत मिसळले. पट्टी ओढून काढली तर सुरीने कापल्यासारखी धार. शेवटी पापणीच्या मधोमध ओठांचं मलम आणि त्यावर बोटाने दाबून चमकी. भरपूर. शेवटच्या रांगेसाठी.

काजळ मात्र मुद्दाम सगळ्यांत स्वस्त वापरलं होतं. महागडं काजळ पाण्यानेही हलत नाही, आणि आम्हाला ते हलायलाच हवं होतं. नाटकाच्या शेवटी चेटकीण रडते, दोन्ही मुठींनी डोळे चोळते, काजळ गालभर पसरतं आणि आतली साधी बाई दिसू लागते, असं दिग्दर्शकाच्या मनात होतं. "चोळ म्हणजे चोळ," तो बारकीला रोज सांगायचा, "डोळ्यात कचरा गेल्यासारखं नको करू."

आणि बारकीला जाड भिंगांचा चष्मा आहे. रंगमंचावर चष्मा चालत नाही म्हणून तिने डोळ्यांत लेन्स घातल्या होत्या. चमकी, त्याखाली लेन्स, त्याखाली बुबुळ, आणि वरून मुठी.

मी फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. प्रयोगाला सगळ्यांचे फोन बंद करून पिशवीत टाकायला लावतात, हे तिनेच मला सांगितलं होतं.

"ठकू, चप्पल घाल."

"कुठे जायचं?"

"आत्याकडे."

"मी चेटकीण बघणार!" तिने टाळ्या पिटल्या. मी डबी, तेलाची बाटली, कापूस, चिकटपट्टी पिशवीत कोंबली आणि तिला कडेवर घेतलं. आता ती कडेवर मावत नाही, पाय माझ्या गुडघ्यांपर्यंत लोंबतात. पण चालवत नेलं असतं तर प्रत्येक मांजरापाशी थांबली असती.

रिक्षात बसल्यावर मला आठवत राहिली ती एकच गोष्ट. घरी तालीम करताना बारकी नेमकी त्या शेवटच्या जागी अडायची. वाक्य म्हणायची आणि हात खाली सोडून नुसती उभी. मग मी स्वयंपाकघराच्या दारातून दोन्ही हात डोळ्यांपाशी नेऊन खूण करायचे, की तिची ट्यूब पेटायची. मी मनात म्हणत होते, आज विसर गं बाई. आज पण विसर.

"आई, तू कुणाशी बोलतेस?"

"कुणाशी नाही."

"मग ओठ का हलतायत?"

नाट्यगृहाच्या मागच्या दाराशी एक म्हातारे रखवालदार स्टूल टाकून बसले होते. "प्रयोग चालू आहे बाई. लेकरू घेऊन कुठे निघालात?"

"मेकअपवाली आहे मी. चेटकिणीची."

त्यांनी माझ्या पिशवीत डोकावलं. "आता? आता तर संपत आलं. चेटकीण मेली असेल."

"मेली नाही हो," ठकूने त्यांना समजावलं, "ती रडते आणि चांगली होते."

ते हसले आणि बाजूला सरले. आत काळोख होता. लाकडाचा, रंगाचा, घामाचा वास. मी दोऱ्या ओलांडत, भिंत चाचपत विंगेपर्यंत पोचले आणि ठकूला खाली उतरवलं. तिथे उभ्या असलेल्या मुलीने तोंडावर बोट ठेवलं. मी तिच्या कानात म्हटलं, "तिला आत बोलवा. तिच्या डोळ्याला धोका आहे." तिने माझ्याकडे असं पाहिलं की चेटकीण मीच असावी. "दोन मिनिटांत पडदा पडतोय काकू. थांबा ना."

काकू! एरवी मी तिला सोडली नसती.

बारकी उजेडात उभी होती. काय दिसत होती! काळ्याभोर पंखांसारखे डोळे आणि त्यांच्या मधोमध लखलख. ती पापण्या मिटायची, उघडायची, आणि प्रत्येक वेळी मीही माझ्या पापण्या मिटायचे. तिने शेवटचं वाक्य म्हटलं. आवाज फुटला, अगदी खरा. आणि मग ती थांबली.

हात खाली सोडून नुसती उभी राहिली.

विसरली होती. नेहमीसारखीच. सगळं नाट्यगृह गप्प होतं, कुणीतरी खोकलं, आणि मला वाटलं, सुटलो. आता पडदा पडेल, मी तिला धरीन, हात लावू देणार नाही, तेलाने एकेक कण उचलीन. पण दिग्दर्शक समोरच्या विंगेतून तिला खुणावू लागला आणि ती गोंधळून त्याच्याकडे वळू लागली. तेव्हा माझ्याने राहवलं नाही. मी पुढे झाले, दोन्ही हात डोळ्यांपाशी नेले आणि जोरजोरात हलवले. नको. हात लावू नकोस. नको.

तिला मी दिसले. तिचा चेहरा एकदम खुलला. आठवलं तिला. वहिनी आली, नेहमीसारखी खूण करायला आली.

तिने दोन्ही मुठी वळल्या आणि डोळे चोळले. जोरात. अगदी दिग्दर्शकाला हवे होते तसे. चोळले, आणखी चोळले, आणि मग तिच्या तोंडून जी किंकाळी निघाली ती नाटकात नव्हती. पडदा पडला. पडद्यापलीकडे लोक टाळ्या वाजवत होते, वाजवतच होते.

"वहिनी," ती खाली बसून म्हणत होती, "वहिनी, डोळ्यात काहीतरी गेलंय गं. काच गेल्यासारखं."

"चोळू नकोस. हात खाली. हात खाली कर, शहाणी ना तू?" ठकू पडली की मी ज्या आवाजात बोलते तोच आवाज माझ्या तोंडून निघत होता. बारकीचे हात माझ्या गुडघ्यांखाली दाबून मी पापण्यांवरची चमकी चिकटपट्टीने टिपली. उजवी लेन्स निघाली. डावा डोळा ती उघडेचना. नुसतं काळं पाणी वाहत होतं, आणि त्या पाण्यात एक एक चंदेरी ठिपका.

डोळ्यांच्या दवाखान्यात त्यांनी तिला आत घेतलं. आम्ही बाकावर. ठकू माझ्या मांडीवर, हाताची दोन बोटं तोंडात. मोठी झाल्यापासून ती बोटं तोंडात घालत नाही.

बऱ्याच वेळाने डॉक्टरीणबाई दारात आल्या. हातातल्या कापसावर त्यांनी आम्हाला एक कण दाखवला. दिव्याखाली तो सुंदर चमकत होता.

"ही डोळ्यांसाठीची नाही. कागदावर चिकटवायची आहे. हिच्या कडा बघा, पत्र्यासारख्या. लेन्सच्या मागे जाऊन बसली होती. कुणी लावली ही?"

ठकूने तोंडातली बोटं काढली. ती काही बोलायच्या आत मी म्हटलं, "मी."

"मेकअप करता ना तुम्ही? एवढं कळत नाही?"

"चुकलं," मी म्हटलं. आणि ते खोटं नव्हतं. करकरलेलं माझ्याच बोटाला कळलं होतं, खूणही मीच केली होती.

"उजवा ठीक आहे. डाव्या बुबुळावर ओरखडा आहे, अगदी मधोमध. पट्टी बांधलीय. उद्या काढू."

"दिसेल ना तिला?"

"उद्या बघू," त्या म्हणाल्या. त्यांनी नजर चुकवली की त्यांना नुसती घाई होती, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

बारकी बाहेर आली ती चष्म्याशिवाय, भिंतीला धरून. एका डोळ्यावर पांढरी जाड पट्टी, दुसऱ्याभोवती अजून निम्मी चेटकीण. माझ्या शेजारी बसली आणि खांद्यावर डोकं टाकलं.

"ऐकलंस का टाळ्या?" तिने विचारलं.

"ऐकल्या."

"बक्षीस मिळालं तर निम्मं तुझं. तू आलीस म्हणून आठवलं गं मला. नाहीतर उभीच राहिले असते खांबासारखी." तिने चाचपडत माझा हात शोधला आणि दाबला. "कशी काय आलीस पण? कळलं कसं तुला, की मी विसरणार?"

सांगायचं होतं. सगळं सांगायचं होतं, आत्ता, इथेच. पण मांडीवर ठकू होती, कान टवकारून, आणि तिच्या नखांत अजून चंदेरी कण अडकलेले होते. मी तिची मूठ माझ्या मुठीत मिटून घेतली.

"घरी जाऊन बोलू," मी म्हटलं. "दुखतंय का?"

"जळतंय. ए ठके, घाबरलीस का मला? बघ, आता अर्धीच चेटकीण उरलेय."

ठकू हसली नाही. ती माझ्या मांडीवरून उतरली, बारकीच्या समोर जाऊन उभी राहिली आणि त्या पांढऱ्या पट्टीकडे बघत राहिली. मग एक पाऊल बारकीच्या डावीकडे सरकली, पट्टीच्या बाजूला. बारकीचा चेहरा तिच्यामागे वळला नाही, समोर भिंतीकडेच राहिला.

"कुठे गेली गं ही?" बारकी म्हणाली.

ठकूने माझ्याकडे वळून पाहिलं. आवाज इतका बारीक की मला वाकावं लागलं.

"आई, उद्या पट्टी काढली की आत्याला मी इकडूनपण दिसेन ना?"