गच्चीवरची ग्रील

डोंबिवलीत माणूस आधी ग्रील बसवतो, मग घरात राहायला येतो. सोसायटीचे सेक्रेटरी आनंदराव या धर्माचे कट्टर. गच्चीवर बारा सोलर पॅनल लागले तेव्हा सगळे वीज किती येईल ते विचारत होते. आनंदराव चोर कुठून येईल ते बघत होते. दिवाळीआधीच त्यांनी पॅनलभोवती जाडजूड पट्ट्यांची ग्रील ठोकून घेतली.

डिसेंबरात वीज निम्म्यावर आली. आनंदरावांना गुन्हेगार शोधावा लागला नाही. पॅनल बसवणारा विठ्ठलवाडीचा सुदेश. "जुना माल माथी मारलाय त्यानं," हे त्यांनी जिन्यात, लिफ्टमध्ये आणि भाजीवाल्यापाशी सांगून ठेवलं. रविवारच्या मीटिंगमध्ये बी विंगचं काम सुदेशला द्यायचं की नाही ते ठरणार होतं. त्याच्या हातात दुसरं काम नव्हतं.

शनिवारी दुपारी सुदेश गच्चीवर आला. मागच्या रांगेतल्या एका पॅनलच्या खालच्या कडेवर त्यानं टॉवेलची लांब घडी पसरली.

"मीटर बघा, काका."

"बघतो. तू लांब उभा राहा."

एका पॅनलची वीज अख्खी गेली होती.

"चार बोटं कापडानं एवढी घट? काय हातचलाखी आहे रे?"

"खालची एक ओळ झाकली की अख्खा पॅनल बंद पडतो. आता पुढची रांग बघा."

पुढच्या सहाही पॅनलच्या खालच्या कडेवर ग्रीलच्या आडव्या पट्टीची सावली सरळ पडली होती. थंडीतलं ऊन दक्षिणेकडून तिरपं येतं, हे ग्रील ठोकताना कुणी विचारलं नव्हतं. बारातून सहा गेले. निम्मे. आनंदरावांनी वजाबाकी दोनदा केली.

"म्हणजे ग्रील काढायची. मग हा माल उचलून कोण नेणार, तू?"

"न्यायचा असता तर बसवला कशाला असता?"

रविवारी सकाळी वेल्डरनं दक्षिणेची बाजू कापली. दुपारी मीटरचा आकडा जवळजवळ दुप्पट झाला.

संध्याकाळी मीटिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या सरोजताईंनी विचारलं, "मग दोष कशात होता?"

"सावलीत," आनंदराव म्हणाले.

"कसली सावली?"

आनंदरावांनी दाराशी उभ्या सुदेशकडे पाहिलं. हा आता आपली अब्रू काढणार, अशी त्यांची खात्री होती. तो त्यांच्याकडेच बघत होता.

"माझ्या ग्रीलची," आनंदराव शेवटी म्हणाले. "माल नवाच आहे. मी उगाच बोललो. बी विंगचं काम सुदेशला द्या."

लोक पांगल्यावर त्यांनी त्याला गाठलं. "तू का नाही रे बोललास?"

"तुम्ही बोलता का, ते बघत होतो," सुदेश म्हणाला. "भरवसा नव्हता, काका."