चौथी व्यक्ती

शालनबाईंनी पेजेचा चमचा पुढे केला, तसं आनंदने तोंड फिरवलं. पेज उशीवर सांडली. त्यांनी ती पदराने पुसली आणि दुसरा चमचा भरला.

सरकारी रुग्णालयाच्या त्या वॉर्डात आनंदला आठ दिवस झाले होते. दारूने लिव्हर गेलं होतं. पोट फुगलेलं, डोळे पिवळे. आता करण्यासारखं काही उरलेलं नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. भाऊ एकदा आला, तो पुन्हा फिरकला नाही. शेवटी नर्सने आनंदच्या फोनमधला ‘आई’ नावाचा नंबर लावला. त्याची आई तो लहान असतानाच वारली होती. फोन वाजला तो विश्रांतवाडीत, सासूकडे, शालनबाईंकडे.

तीन वर्षांपूर्वी बायकोला, नम्रताला, डेंगी झाला तेव्हा मात्र त्याने सासूला कळवलं नव्हतं. पाच दिवस ती तापाने फणफणत होती आणि हा पिऊन पडला होता. सहाव्या दिवशी शेजाऱ्यांनी तिला रिक्षात घातलं, तोवर उशीर झाला होता.

शालनबाई दर रविवारी विहारात मैत्रीभावनेच्या ध्यानाला बसत. आधी स्वतःचं भलं चिंतायचं, मग मित्राचं, मग नुसत्या तोंडओळखीच्या कुणाचं आणि चौथं, जो डोळ्यांसमोर नकोसा होतो त्याचं. त्या चौथ्या जागी त्या तीन वर्षं खालच्या मजल्यावरच्या भांडखोर बाईला बसवत आल्या होत्या. नर्सचा फोन आल्यावर त्यांनी ध्यान घेणाऱ्या तेजस्विनीताईंना विचारलं, जायलाच हवं का.

“जायलाच हवं असं काही नाही,” ताई म्हणाल्या.

शालनबाईंना ‘जाऊ नका’ ऐकायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पेज शिजवली.

येऊन मन हलकं वगैरे काही झालं नाही. त्याचं अंग पुसताना हात मध्येच थांबत. त्या पाच दिवसांत नम्रताच्या कपाळावर कुणी ओला फडका तरी ठेवला असेल का, एवढंच डोक्यात येई.

गुरुवारी त्याने त्यांना ओळखलं.

“आई, नम्रता नाही आली?”

आजारात असा भ्रम होतो, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. चमचा वाटीतच राहिला. तुमच्यामुळे गेली ती. हे एक वाक्य शालनबाईंनी तीन वर्षं त्याच्यासाठी जपून ठेवलं होतं.

“येतेय,” त्या म्हणाल्या. “तोवर एवढं घ्या.”

त्याने निमूट तोंड उघडलं. शुक्रवारीही त्याने तेच विचारलं, त्यांनी तेच सांगितलं.

शनिवारी तो काही बोलला नाही. श्वास घरघरत होता. नर्स पलंगाभोवती पडदा ओढून गेली. शालनबाई त्याचा सुजलेला हात हातात घेऊन बराच वेळ बसून राहिल्या. मग त्याच्या कानाशी वाकल्या.

“येतेय हो ती. वाटेत आहे.”

आणि पडदा जरासा बाजूला सारून त्यांनी दाराकडे पाहिलं.