साठ लूम आणि एक मांजर

गुणाबाईला गल्लीत कुणी उलट उत्तर देत नसे. दिलंच कुणी, तर दुसऱ्यांदा देत नसे. दिघाशीच्या शाळेत तिच्या दोन इयत्ता झाल्या, तिसरीच्या वर्षी ती म्हशी राखायला गेली, आणि लग्न होऊन भिवंडीत आल्यावर तीस वर्षं कापड विणणाऱ्या लूमसाठी सुताच्या कांड्या भरल्या. पण तिची नात मेघाली मुंबईच्या सिम्फनी ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवायला लागली, तेव्हापासून म्हातारीचे पाय जमिनीला टेकत नव्हते. गुडघे गेले होते, त्यामुळे तसेही ते कमीच टेकायचे. दिवसभर ओट्यावर खुर्ची टाकून बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पकडून नातीचं सांगायची.

सांगायची खरी, पण ऐकलं नव्हतं. मुंबईतल्या त्या हॉलचे जिने गुडघ्यांना झेपणारे नव्हते. मेघाली फोनवर पाठवायची, पण फोनवरचं वाजवणं म्हणजे फोटोतलं जेवण. पोट भरत नाही.

म्हणून ऑर्केस्ट्रावाले वस्त्यावस्त्यांतून फुकट वाजवायला निघाले आणि मेघालीने “आमच्या भिवंडीत चला” म्हणून त्यांना राजी केलं, तेव्हा गुणाबाईने घरच्या लग्नासारखं आवतण दिलं. रविवारी पाच वाजता, शाळेच्या मैदानात. तोंडं धुऊन यायचं.

“गाणारी कोण हाय?” शेजारच्या सीताबाईने विचारलं.

“गाणारी न्हाय. नुसतं वाजवतात.”

“मग नाचणार कोण?”

“तू नाच. फुकटच हाय.”

घोटाळा ध्यानात आला तो शुक्रवारी सकाळी. गुणाबाई ओट्यावर चहाची बशी तोंडाला लावून बसली होती. गल्ली शांत होती. पत्र्यावर कबुतर घुमत होतं, कुणाचा तरी नळ ठिबकत होता. किती बरं वाटतंय, असं तिच्या मनात आलं आणि बशी तोंडापाशीच राहिली.

भिवंडीचा रविवार शुक्रवारी असतो. सारं जग रविवारी पाय पसरून झोपतं, इथले लूम मात्र शुक्रवारी बंद असतात आणि रविवारी दणक्यात चालतात. ही शांतता आजची. परवा शाळेच्या भिंतीपलीकडे मुनीरशेठचे साठ लूम खडखडत असणार, आणि त्यात तोफ उडाली तरी कुणी मान वळवणार नाही.

तिने फोन लावला.

“आजी, रविवार म्हणजे सगळ्यांना सुट्टी, असंच डोक्यात होतं माझ्या,” मेघाली म्हणाली.

“सहा वर्षं मुंबईत काय राहिलीस, गावचा वार इसरलीस?”

“तुला सांगितलं तेव्हा तू काय म्हणालीस?”

गुणाबाईने बशी खाली ठेवली. ‘रविवार बेस हाय’ असं म्हणाली होती ती. आनंदात माणूस वार बघत नाही.

“आता बदलता येणार नाही, आजी. पंचावन्न माणसं आहेत, सामानाचा ट्रक ठरलाय.” मग पोरीचा आवाज बारीक झाला. “मीच पुढे होऊन सगळ्यांना आणतेय. कुणाला काही ऐकूच आलं नाही तर?”

“रडू नको. मी बघते.”

बघते म्हणणं सोपं होतं. मुनीरशेठ माणूस सरळ, पण आईला विचारल्याशिवाय कारखान्याचं कुलूपही बदलायचा नाही. आणि त्याच्या आईचं, सुरैयाचं, गुणाबाईशी नऊ वर्षं बोलणं नव्हतं.

कारण हेच व्हायोलिन. मेघाली तेव्हा तेरा वर्षांची, शाळेतल्या बाईंकडे नुकती शिकायला लागलेली, आणि सकाळ-संध्याकाळ गच्चीवर वाजवायची. समोरच्या गॅलरीतून सुरैयाने हाक मारून म्हटलं, “गुणाबाय, नातीला सांग, त्या मांजराची शेपूट सोड.” सगळी गल्ली हसली. गुणाबाईनेही ठेवून दिलं, “तुझे साठ राक्षस दिवसरात दात खातात, त्यांना आधी जंताचं औषध दे.” मग गल्ली दुप्पट हसली, आणि दोघींची तोंडं बंद झाली. ईदला शिरखुर्मा यायचा, दिवाळीला फराळ जायचा, पण पोरांच्या हातून. भांडी बोलायची, बाया बोलत नव्हत्या.

त्या दिवशी दुपारी, नमाज सुटल्यावर, गुणाबाईने फळीवरून सुरैयाची वाटी काढली. ईदची राहिली होती. रिकामी वाटी परत करायची रीत नाही, म्हणून तिच्यात वालाचं बिरडं घातलं आणि समोरचा जिना चढायला घेतला. चौदा पायऱ्या. सातवीवर ती थांबली आणि आपल्या गुडघ्यांना आणि सुरैयाच्या घराण्याला एकत्र दोन शब्द सुनावले.

सुरैया पलंगावर मेथी निवडत बसली होती. तिने आधी वाटीकडे बघितलं, मग माणसाकडे.

“ईदची वाटी,” गुणाबाई धापा टाकत म्हणाली.

“समोर घर तुझं. एवढे महिने लागले?”

“गुडघे दुखतात.”

“तोंड तर दुखत न्हाय कवा.”

गुणाबाई न विचारता पलंगाच्या कडेला टेकली. चार काड्या मेथीच्या उचलल्या, निवडल्या, आणि म्हणाली, “परवा पाचला तुझे लूम बंद पायजेत. दीड तास.”

सुरैयाचा हात थांबला. भर दिवसा लूम बंद व्हायचे ते फक्त गल्लीतून मय्यत निघाली तर. “कोण मेलं?”

“कोण मेलं न्हाय. माझी नात वाजवणार हाय.”

“काय वाजवणार?”

“तुला ठाव हाय.”

“मी म्हातारी बाई, इसरते. तू सांग.”

गुणाबाईने पदराने तोंड पुसलं. ज्या एका शब्दापायी नऊ वर्षं घालवली, तो आता तिलाच काढायचा होता.

“मांजर,” ती म्हणाली. “मांजर वाजवणार हाय माझी मेघाली, पंचावन्न माणसांत बसून. आन मला ते एकदा ऐकायचंय. तेवढ्यापायी तुझ्या चौदा पायऱ्या चढले.”

सुरैयाने मेथीची जुडी बाजूला ठेवली. “खालनं हाक मारायची होतीस,” ती म्हणाली. “दापोड्याला ऐकू जाते तुझी हाक. मी आले असते खाली.” मग तिने पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. “मुनीरला सांगते. कारागिरांची मजुरी बुडायची न्हाय, ते बी सांगते. पण मी पहिल्या रांगेत बसणार. आन मांजरासारखं वाटलं तर तिथंच बोलणार.”

“तू न बोलता बसलीस तर मीच डॉक्टर बोलवीन.”

रविवारी मैदान भरलं. मंडपवाल्याच्या लाल खुर्च्या, त्यांच्यामागे सतरंज्या, सतरंज्यांमागे गल्ली. काळ्या कोटातली माणसं एकामागून एक व्यासपीठावर चढली, तशी सीताबाई म्हणाली, “एवढे वकील कशाला आले गो?” मेघाली वाजवणाऱ्यांच्या तिसऱ्या रांगेत होती. तिने आजीकडे बघितलं आणि डोळ्यांनीच भिंतीकडे खूण केली. भिंतीपलीकडे साठ लूम खडखडत होते. मुनीरशेठ कारखान्याच्या फाटकातून आत गेला.

पाच वाजता पहिली ओळ थांबली, मग दुसरी, मग सगळा कारखाना. कानातून कुणी बोळा काढावा तसं झालं. हातात काडी घेतलेल्या साहेबांनी मान लववली, काडी उचलली.

आणि मागच्या चाळीत एक पोर रडलं.

मग दुसरं. मग सतरंजीवर आईच्या मांडीत झोपलेलं तिसरं दचकून उठलं. म्हातारा रघू खुर्चीत डोळे उघडून “लाईट गेली?” म्हणाला. बघता बघता दहा-बारा तान्ह्यांनी सूर लावला. आया झुलवत होत्या, थोपटत होत्या, पोरं ऐकत नव्हती. सुरैयाची नातसून जोहा आपलं बाळ खांद्यावर घेऊन फेऱ्या घालत होती आणि ते सगळ्यांत वर ओरडत होतं. साहेबांनी काडी खाली घेतली. पुन्हा उचलली. पुन्हा खाली घेतली. मेघालीचा चेहरा फोनवरच्या आवाजासारखा बारीक झाला.

गुणाबाईला हे रडणं ओळखीचं होतं. लूमच्या गल्लीतलं पोर पोटात असल्यापासून लूम ऐकतं. आवाजात झोपतं, शांततेत जागं होतं. मेघाली तान्ही असताना दर शुक्रवारी दिवसभर रडायची. तिला शुक्रवारची रडकीच म्हणायचे. गुणाबाई मग पत्र्याच्या डब्यावर लाटणं वाजवायची, खटाक् खट, खटाक् खट, तेव्हा कुठे पोरीचा डोळा लागायचा.

ती सुरैयाच्या कानाला लागली. “एक लूम लावायला सांग.”

“काय?”

“एकच. लांबचा. पोरं झोपतील.”

सुरैयाने तिच्याकडे वळून बघितलं. “बंद कर म्हणून चौदा पायऱ्या चढलीस, आन आता चालू कर?”

“हो. आन तू मला हे मरेपर्यंत ऐकवशील, ते बी ठाव हाय. सांग लवकर.”

सुरैयाने फाटकाशी परत येऊन उभ्या मुनीरला एक बोट दाखवलं. जरा वेळाने कारखान्याच्या पार टोकाला एक लूम लागला. खटाक् खट. खटाक् खट. जोहाचं बाळ हुंदका अर्धा टाकून गप्प झालं. मग चाळीतलं. मग एकेक करत सगळी.

आता साहेबच गोंधळले. ते भिंतीकडे बघायला लागले. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून मेघाली उठली, त्यांच्यापाशी जाऊन वाकून काही बोलली. काय बोलली ते ऐकू आलं नाही, पण गुणाबाईला सांगायला नको होतं. गच्चीवर या पोरीला ठेका धरून द्यायला दुसरं कोण होतं? याच लूमवर ती शिकली होती. साहेबांनी मान तिरकी करून लूम ऐकला, काडीने हवेत दोन-चारदा मोजला, हसले, आणि त्याच चालीत हात उचलला.

मग जे सुरू झालं त्याला गुणाबाईकडे शब्द नव्हता. शब्द नसला की तिला राग यायचा, पण आज तोही आला नाही. पंचावन्न माणसांचा एक श्वास मैदानावरून गेला. खालून ते माणसाएवढं थोरलं व्हायोलिन घुमलं, वर बारकी उठली, आणि भिंतीपलीकडून लूम मुकाट साथ देत राहिला.

“तुझीचं कुठलं?” सुरैयाने हळूच विचारलं.

गुणाबाईने कान टवकारले. डोळे मिटून बघितलं, उघडून बघितलं. व्हायोलिनवाल्यांचे सोळा हात एकदम वर जात होते, एकदम खाली येत होते. नातीचा आवाज त्यातून वेगळा निघेना. एवढं सगळं केलं ते हे एक ऐकायला, आणि तेच हाती लागेना. खोटं बोलायचं तिच्या जिभेवर आलं होतं.

“कळत न्हाय गो,” ती म्हणाली. नऊ वर्षांत काय, साऱ्या जन्मात तिने हे वाक्य कुणापुढे उच्चारलं नव्हतं.

सुरैया पुढे बघत राहिली. “तीस वर्षं कांड्या भरल्यास,” ती म्हणाली. “कापडात एक धागा कवा वेगळा दिसतो? तुटला की. गप ऐक.”

गुणाबाई गप्प ऐकत बसली. मेघालीची डावी टाच तेवढी तिला दिसत होती. गच्चीवर आपटायची तशीच ती आपटत होती, लूमबरोबर. गुणाबाई टाचेकडे बघत राहिली आणि पदर दोनदा डोळ्यांना लावला. कुणी विचारलं असतं तर डोळ्यात सुताची धूळ गेली म्हणाली असती.

टाळ्या वाजल्या, त्याने चाळीतली चार पोरं पुन्हा उठली. साहेबांनी भिंतीकडे वळून लूमलाही मान लववली, आणि तो लूम लावून कारखान्याच्या दारात उभ्या राहिलेल्या मुदस्सिर कारागिराने लाजून तोंड फिरवलं.

मैदान रिकामं होताना सुरैया उठली. गुणाबाई वाट बघत होती. बाई काही बोलेना.

“डॉक्टर बोलवू?” गुणाबाई म्हणाली.

“पोरगी शुक्रवारी घरी असते का?”

“का?”

“जोहाचं पोर शुक्रवारी डोळ्याला डोळा लागू देत न्हाय.” सुरैयाने ओढणी सारखी केली. “गच्चीवर जरा वाजवायला सांग तिला. सकाळचं.”

“मांजर?”

“मांजरच.”

गुणाबाईने काठी शोधली, सावकाश उभी राहिली, आणि दोन्ही गुडघ्यांवर नीट तोल आल्यावर म्हणाली, “विचारून बघते. मोठी माणसं ती, मिळाला वेळ तर येईल. आन ती वाटी आता इकडं धाड. रिकामी नको.”