अकरा वीसची गाडी

आमच्या ह्यांनी पस्तीस वर्षं रेल्वेत गार्डची नोकरी केली, त्यामुळे आमच्या घरात दूधसुद्धा वेळापत्रक बघून उतू जातं. राजधानीत एका दिवसाचं काम निघालं, तर ह्यांनी आठवडाभर कागद काळे केले. काम तसं साधंच होतं. ह्यांच्या बोटांचे ठसे आमच्याकडच्या मशीनला पटेनात, म्हणून पेन्शनच्या मुख्य कचेरीने हयातीच्या दाखल्यासाठी समक्ष बोलावलं होतं. माणूस जिवंत आहे हे त्याच्याकडे बघून कळत नाही, शिक्का लागतो.

कागद काळे झाले ते त्याला जोडलेल्या फेरीसाठी. राजधानीहून अकरा वीसची पॅसेंजर, दीड तासाचा प्रवास, बारा पन्नासला थोरल्या भावाच्या गावी उतरायचं आणि दहा मिनिटं चालत हॉस्पिटल. तिथे मोठे भाऊजी, म्हणजे ह्यांचे सख्खे थोरले भाऊ, हृदयाच्या ऑपरेशनसाठी दाखल होते. दोन वाजता त्यांना आत नेणार होते. पुतणीने फोन केला होता. "काकू, डॉक्टर म्हणतात, या वयात काही सांगता येत नाही. काका येतील का?"

दोघा भावांत नऊ वर्षं बोलणं नव्हतं. सासूबाईंचं शेवटचं आजारपण भाऊजींनी काढलं. "असशील तसा निघ," असा त्यांचा निरोप आला, आणि हे ड्युटी बदलून घेऊन, सोयीची गाडी बघून निघाले. पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. भाऊजी दारातच म्हणाले, "आईलाही वेळापत्रकात बसवलंस ना?" हे उंबऱ्यावरूनच माघारी फिरले.

तेव्हापासून ह्यांचं मनगटावरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे असतं. का, ते ह्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. घड्याळ बघायचं, दहा मिनिटं वजा करायची आणि आपल्या कामाला लागायचं, असा माझा नऊ वर्षांचा सराव.

कचेरीत गेटवरच मोबाईल जमा करून घेतले. आत चार खिडक्या, त्यातल्या दोन बंद. भिंतीवरचं घड्याळ बंद पडून किती दिवस झाले, ते त्याचं त्यालाच ठाऊक. ह्यांनी मला बाकावर बसवलं, मनगटावरचं घड्याळ काढलं आणि माझ्या हातात दिलं. मी बघतच राहिले. लग्नात घातलेली अंगठी एकदा हरवली होती ह्यांनी, पण घड्याळ कधी कुणाच्या हातात दिलं नव्हतं.

"रांगेत माझं डोकं ठिकाणावर नाही राहायचं," हे म्हणाले. "तू वेळ सांभाळ. अकराला हाक मार. दाखला होवो न होवो, मी निघणार. इथून स्टेशन पंधरा मिनिटं."

"आणि दाखला नाही झाला तर?"

"मग मी मेलेला बरा. पण दादाला भेटून."

असलं बोलू नये, म्हणून मी दटावलं. हे हसले नाहीत. रांगेत जाऊन उभे राहिले आणि दर दोन मिनिटांनी मान वळवून माझ्याकडे बघायला लागले. मी आपली हातानेच 'आहे वेळ, आहे वेळ' म्हणून सांगत होते. खिडकीतल्या बाई एकेका म्हाताऱ्याचं बोट पुसून पुन्हा पुन्हा काचेवर दाबत होत्या.

काटा अकरावर आला तेव्हा ह्यांच्या पुढे दोघं होते. मनात म्हटलं, अजून दहा मिनिटं आहेत. दोघं आटोपले. ह्यांचा ठसा तिसऱ्या खेपेला उमटला, शिक्का बसला. माझ्या हातातल्या घड्याळात अकरा दहा झाले होते.

"किती झाले?" ह्यांनी विचारलं.

"बरोबर अकरा," मी ऐटीत म्हणाले.

ह्यांचा चेहरा खुलला. दाखलाही झाला आणि वेळही पाळली! मी गेटवरून मोबाईल घेतले आणि घड्याळाबरोबर बंदच्या बंद पर्समध्ये टाकले. आम्ही भराभर चालायला लागलो. रस्ता ओलांडताना ह्यांनी माझा दंड धरला. "काय बोलू गं त्याच्याशी?" एवढंच एकदा विचारलं. मी म्हटलं, "आधी पोचू या तर खरं."

फलाटावर आलो तेव्हा गाडीचा शेवटचा डबा पुढे सरकत होता. त्यातल्या गार्डने हिरवा झेंडा आत घेतला. वरच्या मोठ्या घड्याळात अकरा पंचवीस झाले होते.

"पाच मिनिटं उशिरा सुटली," हे म्हणाले, "तरी चुकली."

मी पर्समधून घड्याळ काढलं. त्यातही अकरा पंचवीसच. "अहो, हे तर दहा मिनिटं पुढे असतं ना?"

"सकाळी स्टेशनच्या घड्याळाशी मिळवून घेतलं. म्हटलं, आज वजाबाकी नको."

"मग मला सांगायचं नाही?"

"राहिलं."

नेहमी दोन मिनिटांवरून घर डोक्यावर घेणारा माणूस, त्या क्षणी माझ्या हातातून घड्याळ घेऊन मनगटावर बांधायला लागला. पुढची गाडी दीडला, पोचायला तीन. रस्ता लांबच्या वळशाचा, तिकडून गेलं तरी तीनच वाजणार. हे बाकावर बसले आणि मोबाईल मागून घेतला. नऊ वर्षांत न लावलेला नंबर ह्यांना पाठ होता.

फोन भाऊजींनीच उचलला. आवाज अगदी खोल गेला होता. मी कान लावून बसले.

"दादा, मी बोलतोय."

"कुठे आहेस?"

"राजधानीत. स्टेशनवर. गाडी चुकली माझी. तीनच्या आत नाही पोचत."

मी 'चूक माझी, माझी' म्हणून खुणा करत होते, फोन ओढायला बघत होते. ह्यांनी माझा हात घट्ट धरून ठेवला.

"म्हणजे या वेळीही उशीरच," भाऊजी म्हणाले.

गेली नऊ वर्षं हे मला ती ड्युटी, तो न आलेला बदली गार्ड, ती लेट झालेली गाडी सगळं समजावत आले होते. आज सांगण्यासारखं खरं कारण हाताशी होतं.

"हो," हे म्हणाले. "उशीर झाला. तेव्हाही झाला होता. चुकलं माझं, दादा."

मला रडू फुटलं. पलीकडे खोकला ऐकू आला, मग पुतणीचा 'बाबा, बोलू नका' असा आवाज.

"तू ये," भाऊजी म्हणाले. "मी डॉक्टरांना सांगतो, माझा धाकटा भाऊ निघालाय, तो येईपर्यंत थांबा."

"ऐकणार आहेत का ते?"

"नाही ऐकायचे," भाऊजी म्हणाले. "पण मी सांगणार."