अकराव्या घराचं पाणी

जनुकं तपासायच्या पारदर्शक जेलची थरथरती चकती तिने जांभळ्या दिव्याखाली सरकवली आणि पट्टे मोजले. मग पुन्हा मोजले.

अकरा रांगा वस्तीतल्या अकरा घरांच्या पाण्याच्या, बारावी शहराच्या मुख्य टाकीची. आठवड्यात वस्तीतली चाळीस माणसं जुलाबांनी आडवी झाली होती. प्रयोगशाळेच्या साहेबांचा निकाल तपासणीआधीच तयार होता. टाकी स्वच्छ, लोकांचे हात घाण, वस्तीचा नळ सोमवारपासून बंद करायचा. कुठली साखर खाऊन जंतू काचेची नळी पिवळी करतो यावरून त्यांनी त्याची जात ओळखली होती. बाराही नळ्या पिवळ्या, म्हणजे जात एकच. असला जंतू कुठेही सापडतो, म्हणाले, टाकीलाच दोष कशाला?

एकच साखर खाणारे सगळे एका कुळातले नसतात हे खरं, पण हे असले तर? म्हणून तिने कुणाला न विचारता जनुकं तपासली होती.

दहा घरांचे पट्टे टाकीच्या पट्ट्यांशी हुबेहूब जुळले. अकराव्याचे जुळले नाहीत. तो जंतू भलतीकडूनच आलेला. आणि अकरावी बाटली तिच्या आईच्या माठातली होती. माठात बोट बुडवलं म्हणून शेजारणींना फैलावर घेणाऱ्या आईच्या.

काचसामान धुणारे काका तिच्या खांद्यावरून बघत होते. अकरावं गाळून टाक, ते म्हणाले, दहा पुरेत की. साहेब त्या एकावरच नाचतील. तिने व्हरांड्यात जाऊन आईला फोन लावला आणि आडवळण न घेता सगळं सांगितलं.

पलीकडे भांडी घासण्याचा आवाज थांबला.

"माझ्या माठात घाण?"

"हो."

"नीट बघितलंस?"

"दोनदा."

आई खाकरली.

"मग माझंच पहिलं लिही. सगळ्यात वर. माझं झाकलंस तर बाकीच्या दहांचं कोण खरं मानेल?"

तिने तसंच लिहिलं. पहिल्या ओळीत आईचं घर, जंतू टाकीतला नाही, घरातच शिरलेला. त्याखाली दहा घरं, दहाही टाकीची. कागद घेऊन ती साहेबांच्या टेबलापुढे उभी राहिली.

साहेबांनी पहिली ओळ वाचली. चेहरा खुलला.

"बघ. मी काय म्हणत होतो? आणि हे तर तुझ्याच घरचं निघालं."

"खाली अजून दहा आहेत, साहेब. वाचून घ्या."

"तीही अशीच असणार. तुमच्या लोकांचं मला सांगू नकोस."

त्यांनी खालचं न वाचताच झोकात सही केली आणि शिक्का उमटवला. तिने कागद उचलला, शाई वाळेपर्यंत तिथेच उभी राहिली. मग समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन तिने अकरा प्रती मागितल्या, दर घराला एक.